संमतीचा अर्थ : रॉबर्ट बोर्क यांच्या नियुक्तीचा वाद आणि त्याची भाषा

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नियुक्ती राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या ‘सल्ल्याने आणि संमतीने’ करावयाची असते. या दोन शब्दांपैकी पहिला व्यवहारात बहुतांशी निष्प्रभ झाला. दुसरा मात्र प्रभावी राहिला. परंतु संमती नेमकी कशास द्यावयाची, हे घटनेने सांगितलेले नाही. उमेदवाराचे चारित्र्य व विद्वत्ता एवढेच पाहावयाचे, की घटनेचा अर्थ लावण्याची त्याची रीतही तपासावयाची? १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांच्या नियुक्तीवरून जो वाद झाला, त्यात हा प्रश्न प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला. त्या वादाचे राजकीय विवेचन पुष्कळ झाले आहे. त्यात वापरल्या गेलेल्या भाषेचा विचार त्या मानाने कमी झाला. वस्तुतः वादाचे मर्म भाषेतच होते.

बोर्क हे येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक. १९७३ साली वॉटरगेट प्रकरणात, दोघा वरिष्ठांनी पद सोडल्यावर, विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांस बडतर्फ करण्याची आज्ञा त्यांनी अमलात आणली होती. तरीही १९८२ साली वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयावर त्यांची नेमणूक विनासायास झाली. १९८७ साली परिस्थिती निराळी होती. निवृत्त होणारे न्यायमूर्ती ल्यूइस पॉवेल हे अनेक वादग्रस्त निर्णयांत निर्णायक मत देणारे होते. त्यांच्या जागी कोण येतो यावर न्यायालयाचा कल ठरणार होता. शिवाय १९८६ च्या निवडणुकीत सिनेटचे बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले होते, आणि दक्षिणेतील कित्येक नवे सदस्य कृष्णवर्णीय मतदारांच्या बळावर निवडून आलेले होते. मतदानावरील कर रद्द करणाऱ्या १९६६ च्या निर्णयावर ज्याने टीका केली, त्या उमेदवारास या सदस्यांनी संमती देणे कठीणच होते.

१ जुलै १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी बोर्क यांचे नाव जाहीर केले आणि तासाभराच्या आतच सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी ते सुप्रसिद्ध भाषण केले. बोर्क यांच्या अमेरिकेत स्त्रियांना चोरून गर्भपात करावे लागतील, उपाहारगृहांत वर्णभेद पुन्हा येईल, पोलीस मध्यरात्री नागरिकांची दारे फोडतील, असा त्याचा आशय होता. या भाषणाचे सामर्थ्य आणि त्याचा दोष एकाच ठिकाणी आहे. ‘घटना अमुक गोष्टीस मनाई करीत नाही’ हे विधान आणि ‘अमुक गोष्ट घडावी’ हे विधान यांत नकाराच्या व्याप्तीचा मूलभूत भेद आहे. पहिल्यात प्रश्न कायदेमंडळावर सोपविला जातो. दुसऱ्यात त्याचे उत्तरच दिले जाते. केनेडींनी पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात केले. मनाई नसल्याने जे शक्य होते, ते अटळ असल्याप्रमाणे मांडले गेले. श्रोत्यांवर याचा परिणाम विलक्षण झाला; पण युक्तिवाद म्हणून तो सदोष होता, हे मान्य करणे भाग आहे.

तथापि येथेच थांबून बोर्क यांस केवळ अपप्रचाराचे बळी ठरविणे हेही तितकेच सदोष ठरेल. त्यांची भूमिका अशी, की न्यायाधीशाने घटनेच्या शब्दांशी आणि ते रचणाऱ्यांच्या अभिप्रायाशी निष्ठा राखावी. खाजगी जीवनाचा सर्वसामान्य हक्क संहितेत लिहिलेला नसल्याने, विवाहितांच्या संततिनियमनासंबंधी १९६५ साली दिलेला निर्णय निराधार होय. पण घटनेच्या नवव्या दुरुस्तीत, काही हक्कांची गणना केली म्हणून लोकांकडे असलेले इतर हक्क नाकारले असे मानू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. याविषयी सुनावणीत विचारले असता बोर्क यांनी शाईच्या डागाचा दृष्टान्त दिला. वाक्याचा उरलेला भाग डागाखाली झाकला गेला असेल, तर त्याखाली काय असावे हे न्यायालयाने कल्पनेने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

हा दृष्टान्त परीक्षणास टिकत नाही. डागाखालच्या वाक्यात क्रियापद व कर्म लुप्त असते. नवव्या दुरुस्तीच्या वाक्यात काहीही लुप्त नाही. ते व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे आणि त्याचा विषयच मुळी ‘मौनाचा अर्थ कसा लावावा’ हा आहे. त्यात हक्कांची यादी नाही, हे खरे. आणि यादी नसल्यामुळे न्यायाधीश आपल्या आवडीनिवडी तेथे भरतील, ही बोर्क यांची भीतीही निराधार नाही. परंतु संहितानिष्ठेचा पुरस्कार करणाऱ्याने संहितेतील एका पूर्ण वाक्यास डाग समजावे, हा त्यांच्या उपपत्तीतील अंतर्विरोध होता. तो पाच दिवसांच्या प्रत्यक्ष प्रश्नोत्तरांतून उघड झाला, हे त्या सुनावणीचे श्रेय होय.

वायोमिंगचे सिनेटर ॲलन सिम्प्सन हे बोर्क यांचे समर्थक. हे पद कशासाठी हवे, असे त्यांनी अनुकूल हेतूने विचारले असता बोर्क उत्तरले, की तेथील काम ही बुद्धीची मेजवानी ठरेल. उत्तराच्या पुढील भागात घटनात्मक शासनपद्धतीस हातभार लावण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली होती. पण लोकांच्या स्मरणात मेजवानीच राहिली. ज्यांच्या हक्कांचा निर्णय व्हावयाचा, त्यांना तो शब्द झोंबणे स्वाभाविक होते. समितीने ९ विरुद्ध ५ मतांनी प्रतिकूल शिफारस केली आणि २३ ऑक्टोबर १९८७ रोजी सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नियुक्ती फेटाळली. विरोधकांत बोर्क यांना पुढे करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचेच सहा सदस्य होते. केवळ पक्षद्वेषाने हा निकाल लागला, असे म्हणणे यामुळे कठीण होते.

पुढे बोर्क यांच्या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापदच तयार झाले. एखाद्या उमेदवाराची पद्धतशीर बदनामी करून त्यास पाडणे, असा त्याचा अर्थ. या क्रियापदात सिनेट कर्ता व उमेदवार कर्म आहे. उमेदवाराची मते बरोबर होती की चूक, हा प्रश्न त्याच्या अर्थातून गळून पडतो. शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर घटनेचा एकांगी निर्णयही रूढ झाला.

या शब्दातून जो बोध घेतला गेला तो अधिक हानिकारक ठरला. बोर्क मोकळेपणे बोलले म्हणून पडले, तेव्हा बोलूच नये, असा तो बोध. १९९१ साली क्लॅरेन्स टॉमस यांनी गर्भपातविषयक निर्णयावर मत देण्याचे टाळले. १९९३ साली रूथ गिन्सबर्ग यांनी भावी निर्णयांविषयी कोणतीही सूचना देणार नाही, असे जाहीर केले, आणि ते धोरण उभय पक्षांच्या उमेदवारांना आदर्श वाटले. २०१८ साली ब्रेट कॅव्हनॉ यांनी १९७३ चा गर्भपातविषयक निर्णय हा महत्त्वाचा व पुनःपुन्हा दृढ झालेला पूर्वनिर्णय असल्याचे सांगितले. २०२२ साली तो रद्द करणाऱ्या बहुमतात ते होते. त्यांचे विधान वर्णनपर होते, वचन नव्हते. ज्या सदस्यांनी ते वचन मानले, त्यांनी विधानाच्या प्रकारातील भेद ओळखला नाही. आणि तो ओळखता येऊ नये अशीच त्या भाषेची घडण होती. २०१६ साली तर मेरिक गार्लंड यांची सुनावणीच झाली नाही. तेथे मौन उमेदवाराऐवजी सिनेटने पाळले.

भारतीय अभ्यासकास येथे एक तुलना सुचते. भारतीय संविधानाच्या १२४ व्या अनुच्छेदात ‘विचारविनिमय’ हा शब्द आहे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सहमती असा नव्हे, असे ठरविले; १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मात्र सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य देऊन त्यास जवळजवळ सहमतीचे बळ दिले. एका शब्दाच्या अर्थावर संपूर्ण नियुक्तिव्यवस्था फिरली. पण येथे उमेदवाराची उघड सुनावणी नसल्याने, ज्याचे परीक्षण करता येईल अशी प्रश्नोत्तरांची संहिताच निर्माण होत नाही. अमेरिकेत ती संहिता आहे. १९८७ नंतर तिचा आशय मात्र क्षीण होत गेला.

बोर्क यांस नाकारण्याचा सिनेटला अधिकार होता, आणि त्यांच्या अर्थनिर्णयपद्धतीवर घेतलेले आक्षेप त्यास पुरेसे होते. केनेडींच्या भाषणातील अतिशयोक्तीने त्या आक्षेपांना मदत होण्याऐवजी पुढील काळात बाधाच आली, कारण पराभूतांना त्या भाषणाकडे बोट दाखवून मूळ वाद टाळता आला. ज्ञानावाचून दिलेली संमती ही संमती या शब्दाच्या अर्थास उतरत नाही. ३० वर्षांहून अधिक काळ सिनेट जी संमती देत आली आहे, ती या कसोटीवर तपासल्यास बोर्क यांची सुनावणी ही, तिच्यातील सर्व कटुतेसह, नंतरच्या बहुतेक सुनावण्यांहून अधिक प्रामाणिक होती, असाच निष्कर्ष निघतो.