घोडकाठच्या पांढरीतली मुले

चांडोलीच्या उत्खननाचा अहवाल १९६५ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी हे त्याचे कर्ते. ही चांडोली आंबेगाव तालुक्यातली, मंचरजवळची, घोड नदीच्या काठची. खेडजवळच्या चांडोलीशी तिची गल्लत करू नये. आपल्या भागात शिवनेरी, नाणेघाट आणि जुन्नरची लेणी यांवर लिहिणाऱ्यांची वाण नाही. मीही त्यांच्यातलाच एक. पण या भागात पहिल्यांदा नांगरट करणाऱ्या माणसांबद्दल मराठीत वाचायला गेलो, तर हाताला फार थोडे लागते. जे लागते तेही कसे वाचावे, हा या लेखाचा विषय आहे.

ही माणसे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून त्यांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. लाल भांड्यांवर काळी नक्षी, तांबे बेताचे, दगडी पाती भरपूर, गहू-जवाची शेती आणि गुरे. वस्ती नदीकाठी. कित्येक पिढ्यांची घरे पडून, राख साचून, गावाखाली जी पांढुरकी माती तयार होते, तिला आपण पांढरी म्हणतो. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे, ही वाटणी आपल्या बोलण्यात आजही आहे. या माणसांचे दफनस्थळ त्याच पांढरीत आहे, घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात. गावाबाहेरचे वेगळे स्मशान नाही.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरील पहिल्या वसाहतकऱ्यांच्या कबरींबद्दल तिकडे पुष्कळ साहित्य आहे. विला कॅथरच्या १९१८ सालच्या ‘माय अँटोनिया’ या कादंबरीत आत्महत्या केलेल्या शिमर्डाला त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यावर पुरतात. पुढे त्या ठिकाणी रस्ते होतात, पण कबर तशीच राहते. त्या साहित्यात एकटी पडलेली कबर हीच नव्या भूमीवरील हालांची खूण ठरते. घोडकाठी चित्र उलटे आहे. येथे मेलेल्याला एकटे ठेवलेले नाही, त्याच्यावरच घर चालू राहिले आहे. म्हणून तिकडचा कारुण्याचा साचा येथे उसना आणून चालणार नाही.

चांडोलीच्या अहवालाचा गुण म्हणजे त्याचा संयम. कोणत्या थरात, किती खोलीवर, डोके कोणत्या दिशेला, सोबत कोणती भांडी, एवढेच तो सांगतो. लहान मुलांना दोन घटांत ठेवून त्या घटांची तोंडे एकमेकांना भिडवलेली आहेत. प्रौढाला खड्ड्यात उताणे निजवले आहे, आणि घोट्याखालची पावले तोडलेली आहेत. तांब्याचे मणी जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्यात ओवलेले मिळाले. हा धागा मला तांब्याच्या शस्त्राहून मोलाचा वाटतो, कारण त्यामागे कोणाची तरी बोटे आहेत. अहवाल मात्र वस्तूंची यादी देऊन थांबतो. नोंदीपुरते ते योग्यच आहे, पण वाचकाची भूक त्याने भागत नाही.

ती भूक म. के. ढवळीकरांनी भागवली. घोडीच्याच काठी, खाली शिरूर तालुक्यात असलेल्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ चालले. ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा मोठा अहवाल १९८८ साली आला. त्याच वर्षी ढवळीकरांचे ‘द फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. ‘महाराष्ट्राची कुळकथा’मधून तोच विषय मराठी वाचकापर्यंत पोचला. दोनशेहून अधिक दफने, त्यांत बहुसंख्य मुलांची. पाच खोल्यांचे घर, शेजारी धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष, आणि त्याची पावले शाबूत. ढवळीकर त्याला गावचा प्रमुख ठरवतात. पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शिकारीचे प्रमाण वाढते, आणि इ. स. पूर्व ७०० च्या आसपास वस्ती उठते. कारण दुष्काळ. ढवळीकरांचे लिहिणे इतके ओघवते आहे की आपण हे सारे मान्य करून पुढे जातो.

माझा आक्षेप या ओघालाच आहे. पावले का तोडली? मृताचे भूत घर सोडून जाऊ नये म्हणून, असे सांगितले जाते. दोन घट का? ते आईचे गर्भाशय म्हणून. दोन्ही तर्क शक्य आहेत. पण ते आपल्याकडच्या भुताखेतांच्या आणि गर्भकल्पनेच्या ओळखीतून आलेले आहेत. आपल्याकडे तान्ह्या मुलाला आजही जाळत नाहीत, पुरतात. त्यामुळे तीन हजार वर्षांचा धागा सलग असल्याचा भास होतो. सारखेपणा म्हणजे सातत्य नव्हे. शिवाय अशा अर्थामुळे एक सोय होते: प्रथा समजली की मूल का मेले हे विचारायचे राहून जाते.

ते विचारले ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेने. तिचे हाडे आणि हवामान यांवरील पुस्तक २०११ साली निघाले. इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील मुलांचे सांगाडे तिने पुन्हा मोजले. दातांवरून वय आणि हाडांवरून वाढ, असा साधा ताळा. उत्तर काळातल्या इनामगावच्या मुलांची वाढ वयाच्या मानाने खुंटलेली तिला आढळली. वस्ती उठण्याआधीच मुलांच्या अंगावर उपासमार उतरली होती. हवामान एकाएकी कोपले, हे कारण मात्र तिला पुरेसे वाटत नाही. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्यांनी काय पेरले, काय खाल्ले, किती मुले झाली आणि किती जगली, हा हिशेब ती मांडते. तिच्या पुस्तकात आकडेच आकडे आहेत आणि गोष्ट जवळजवळ नाही. तरीही ते वाचताना मला पहिल्यांदा ती मुले दिसली, घट नव्हे.

याचा अर्थ ढवळीकर चुकले असा मी काढत नाही. त्यांनी उकरून, जपून आणि वर्गवारी करून ठेवले नसते तर मोजायला काही उरलेच नसते. मला एवढेच म्हणायचे आहे की दुष्काळ हा शब्द आपण फार लवकर वापरतो. घोड आहुप्याकडून निघते तेथे पाऊस कोसळतो. पूर्वेला काही कोसांवर तो आटतो. हे तेव्हाही तसेच होते. आजही त्याच नदीवर डिंभे धरण आहे, खालच्या गावांत कालव्याचे पाणी खेळते, आणि जुने आंबेगाव जलाशयाखाली गेले आहे. पाणी कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाला उठावे लागले, हे केवळ पावसावर ठरत नाही, हे आपल्या तालुक्याला कोणी शिकवायला नको. मग जुन्या माणसांबाबतच सगळा दोष आभाळावर टाकून आपण का मोकळे होतो? पाच खोल्यांच्या घराशेजारचे कोठार अंगणातल्या रांजणाइतक्याच बारकाईने वाचायला हवे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची आपली जुनी रीत आहे. पूर्वी ती पाटीने आणि बैलगाडीने जाई, आता यंत्राने जाते. पाटीतून एखादे खापर हाताला लागत असे, यंत्राच्या बादलीत ते कळतही नाही. रांगोळीसारखी काळी नक्षी असलेले लाल खापर, किंवा तोंडाला तोंड लावून आडवे पडलेले दोन राखी घट दिसले, तर काम तेथेच थांबवावे आणि जाणत्याला बोलवावे. गडाच्या ढासळलेल्या चिऱ्यासाठी आपण धावतो. या घटांत कोणी राजा नाही. कधी कधी दीड-दोन वर्षांचे, अंग न धरलेले एक मूल असते. या भागाच्या इतिहासाचे पहिले पान त्याच्यापासून लिहावे लागेल.