कोर्ट दिवाणखान्यात

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्यात म्हणतात. पण तेच कोर्ट रंगमंचावर भरलं की ही सगळी शहाणी मंडळी तिकिटाच्या रांगेत उभी असतात! मी त्यांतलाच. माझ्या कपाटात दोन कोर्टं शेजारी शेजारी आहेत. एक लंडनचं ओल्ड बेली, म्हणजे 'रम्पोल ऑफ द बेली' या मालिकेचा डीव्हीडी संच. आणि दुसरं आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चं, व्हीसीडीवर. दोन्ही कितीदा पाहिली याचा हिशेब नाही. गंमत अशी की कोर्टातला विनोद म्हणून दोन्हींना सारखंच हसत आलो, आणि हळूहळू लक्षात आलं की या दोन हशांची जात अगदी वेगळी आहे.

आधी चकत्यांविषयी दोन शब्द, कारण आखातात राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. डीव्हीडी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले, त्यात अमिराती आणि ब्रिटन दोन्ही विभाग २ मध्ये, आणि भारत विभाग ५ मध्ये. म्हणजे लंडनहून आणलेला रम्पोल दुबईच्या प्लेअरवर बिनतक्रार चालायचा, आणि मुंबईहून आणलेली एखादी डीव्हीडी 'विभाग चुकीचा' म्हणून परत बाहेर यायची. व्हीसीडीला मात्र असलं काही बंधन नव्हतं. चित्र जरा धूसर, पण कुठेही चालणार. आपली नाटकं सुटीहून परतताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी इथवर आली ती या व्हीसीडीच्या कृपेने.

रम्पोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेखक जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर. १९७५ साली बीबीसीवर एक सुटं नाटक झालं आणि मग १९७८ ते १९९२ या काळात थेम्स टेलिव्हिजनवर सात मालिका झाल्या. होरेस रम्पोल हा उतारवयातला, ढेरपोट्या, चुरगळलेल्या विगचा वकील. स्वस्त सिगार ओढतो, त्याहून स्वस्त वाईन पितो, भर कोर्टात वर्ड्स्वर्थच्या ओळी म्हणतो आणि घरी बायकोला थरथर कापतो. तत्त्व म्हणून सरकारपक्षाचं काम घेत नाही. पिढीजात भुरट्या चोऱ्या करणारं टिमसन नावाचं एक कुटुंब हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. लिओ मॅकर्न या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नटाने ही भूमिका अशी केली की दुसरा रम्पोल डोळ्यांपुढे येतच नाही.

त्या पहिल्या नाटकातच सगळा रम्पोल आहे. एका कृष्णवर्णीय पोरावर सुरीहल्ल्याचा आरोप आहे आणि पोलिसांकडे त्याच्या सहीचा कबुलीजबाब आहे. सगळे म्हणतात, गुन्हा कबूल कर आणि मोकळा हो. रम्पोल उकरत उकरत जातो तेव्हा कळतं की पोराला वाचताच येत नाही! (आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यानेच पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला आरोपीविरुद्ध पुरावा मानायला मनाई केली होती, आणि तो कायदा इंग्रजांनीच आपल्यासाठी लिहिला. आपल्या पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःच्या पोलिसांवर होता, एवढाच त्याचा अर्थ.) रम्पोल हसवतो तो नेहमी वरच्यांना. न्यायाधीशांचा अहंकार, चेंबर्समधल्या बड्या वकिलांचं राजकारण, पोलिसांची घोटीव साक्ष ही त्याची गिऱ्हाइकं. पिंजऱ्यातल्या माणसावर तो विनोद करतो, पण त्याला उघडं पाडत नाही. आणि हे सगळं तो बोलतो कुणाला उद्देशून? समोर बसलेल्या बारा ज्युरींना. कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो, कोण कुरकुरतंय, कोण पाघळलंय ते आपण पाहतो. आपल्याला निवाडा करायचा नसतो. तो करायला बारा जण पडद्यातच बसलेले असतात.

आता आपल्या कोर्टात येऊ. 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं. माधव काझी नावाच्या, नावं बदलून बायकांना फसवणाऱ्या ठकाचा खटला गाजला होता, त्यावरून अत्र्यांनी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभा केला. लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार अशा पाच भूमिका एकटे प्रभाकर पणशीकर करत. साक्षीदार बोलू लागला की फिरता रंगमंच फिरे, कोर्ट मागे जाई आणि पुढे घडलेली हकिगत येई. पिंजऱ्यात आत्ता टोपी घालून बसलेला माणूस काही क्षणांत वेगळ्या वेषात, वेगळ्या चालीत, वेगळ्या मराठीत समोर उभा! निपाणी निवडण्यातही मला एक खोच दिसते. १९६० साली महाराष्ट्र झाला, पण निपाणी बाहेर राहिली. आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्या अत्र्यांनी दोनच वर्षांनी नायक आणला तो त्याच गावचा, 'तो मी नव्हेच' म्हणणारा. हे त्यांनी मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही, पण मौज वाटते खरी.

व्हीसीडीवर पहिली गोष्ट मरते ती हा चमत्कार. नाट्यगृहात पणशीकर आत गेले की लोक मनातल्या मनात आकडे मोजत. पडद्यावर वेष बदलायला किती वेळ लागला याचं कुणाला काय? सिनेमात दुहेरी भूमिका शेकड्याने पाहिलेल्या आपल्या मुलांना तर यात नवल काय तेच कळत नाही. त्यांना समजावता समजावता मी थकलो.

पण चमत्कार गेल्यावर जे उरतं ते मला जास्त मोलाचं वाटतं. लखोबा स्वतःच आपली वकिली करतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. त्याच्यापुढे ज्युरी नाही. आपल्याकडे १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं आणि त्या पद्धतीवरचा भरवसाच उडाला. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा राहिली नाही. मग लखोबा कुणाला जिंकतो? नाट्यगृहात बसलेल्या आठशे-हजार माणसांना. त्याचे ज्युरी आपण. तो एका साक्षीदाराची भंबेरी उडवतो, आपण टाळी देतो, आणि टाळी देताना त्याच्या बाजूने मत टाकून बसतो. पिंजऱ्यासमोर उभी राहून बोलणारी जी बाई असते, तिचं घर, अब्रू, दागिने सगळं या माणसाने नेलेलं असतं. आणि सभागृह हसत असतं ते तिच्या गोंधळण्याला.

शारजातल्या दिवाणखान्यात मी एकटा बसून पाहतो तेव्हा शेजारी ते हजार जण नसतात. हशा येतो तो पडद्यातून, माझ्यातून नाही. आणि मग त्या बाईचं वाक्य ऐकू येतं. अत्र्यांनी ते नीट लिहिलेलं आहे. दंडसंहितेच्या कलम ४९५ मध्ये आधीचं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, साध्या द्विभार्येपेक्षा जास्त. म्हणजे दुसऱ्या लग्नापेक्षाही फसवणूक मोठी, हे कायद्याला कळत होतं. नाटककारालाही कळत होतं असंच मी म्हणेन. पण नटाच्या करामतीला इतकी दाद मिळत गेली की हजारांवर प्रयोगांत नाटक लखोबाचं झालं, बायकांचं राहिलं नाही. हा पणशीकरांचा दोष नव्हे. आपला, टाळ्या देणाऱ्यांचा आहे.

इथे राहणाऱ्याला हे जरा जास्तच टोचतं. 'मुलगा दुबईला असतो' या तीन शब्दांवर गावाकडे लग्नं ठरत आलेली आहेत. मंडळातल्या जुन्या माणसांना विचारा: पुण्याहून, सांगलीहून फोन येत, 'भाऊ, जरा चौकशी करता का, मुलगा खरंच मॅनेजर आहे का?' त्या काळी पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या निवासी व्हिसावर हुद्दा छापलेला असे, तो पाहिला की उलगडा होई. तेवढं बघायचंही वधुपित्याला संकोच वाटे. दिवाकर दातारला तरी कुणी कागद मागितला होता?

मराठीतलं दुसरं कोर्ट तेंडुलकरांचं, १९६७ चं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. तिथे पिंजऱ्यात बाई आहे, आणि हसता हसता तिच्या घशात घास अडकवणारे सगळे सभ्य गृहस्थ. अत्र्यांच्या साक्षीदार बायका पाहिल्यावर लगेच सुलभा देशपांडेंची बेणारे पाहावी (सत्यदेव दुबेंनी १९७१ साली त्याचा चित्रपटही केला). पाच वर्षांत हशा कुठून कुठे गेला ते कळतं. चैतन्य ताम्हाणेंच्या २०१४ च्या 'कोर्ट'मध्ये तर विनोद करायला कुणी उभंच नाही. तारीख पडते, फायली हलतात, आणि वकील संध्याकाळी भाजी घेऊन घरी जातात. तिथे रम्पोल असता तर पहिल्याच तारखेला हरला असता.

तरी निवड करायची झाली तर लखोबालाच मी पुन्हा लावतो. रम्पोल पाहून मन हलकं होतं, लखोबा पाहून होत नाही. गिरीश ओकांनी अलीकडे नव्याने केलेला लखोबा नाट्यगृहात बसून पाहायचा राहिला आहे. पण घरी पाहायचा तो पणशीकरांचाच. माझ्याकडची व्हीसीडी आता दुसऱ्या चकतीच्या मध्यावर, नेमकी उलटतपासणीत अडकते. कुणाकडे धड प्रत असेल तर कृपया मला एकदा पाहायला द्यावी. चहा आणि कांदाभजी आमच्याकडून.