माफक एकमत : आसियानच्या चिवटपणाची चिकित्सा

आज एका पुस्तकाच्या निमित्तानं बोलायचं आहे, पण खरं तर एका शब्दाबद्दल. पुस्तक आहे 'द आसियान मिरॅकल', २०१७ सालचं. लेखक सिंगापूरचे किशोर महबुबानी, आणि सोबत जेफरी स्ंग. महबुबानी सिंधी कुटुंबातले, संयुक्त राष्ट्रांत सिंगापूरचे राजदूत होते, आणि त्यांचं मूळ शिक्षण तत्त्वज्ञानाचं. त्यामुळे तर्काच्या बाजूनं त्यांच्याकडे हिशेब मागायला मला संकोच वाटत नाही. घरातलंच भांडण आहे हे.

पुस्तकाचा दावा थोडक्यात असा. आग्नेय आशियात धर्म, भाषा, वंश, राज्यपद्धती यांची इतकी सरमिसळ आहे की तिथे कायमची मारामारी चालायला हवी होती. ती चालली नाही, याचं मोठं श्रेय आसियानला. ही संघटना दुबळी दिसते. तिच्याकडे सैन्य नाही, कुणाला दंड करायची ताकद नाही. पण म्हणूनच तिची कुणाला भीती वाटत नाही, आणि म्हणूनच अमेरिका, चीन, जपान, भारत, सगळे तिच्या टेबलाभोवती येऊन बसतात. दुबळेपणा हेच तिचं बळ. तिची चाल खेकड्याची, कधी मागे, कधी बाजूला, पण सरतेशेवटी पुढेच. तिला शांततेचं नोबेल मिळावं, इथपर्यंत लेखक जातात.

यातला अर्धा भाग मला मान्य आहे, आणि तो आधी सांगतो.

८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा हे शेजारी एकमेकांकडे कोणत्या नजरेनं बघत होते? इंडोनेशियानं मलेशियाविरुद्ध उघड लढा पुकारला होता, तो जेमतेम वर्षापूर्वी संपलेला. फिलिपिन्सचा मलेशियाच्या साबाह प्रांतावर दावा. सिंगापूर मलेशियातून १९६५ मध्ये बाहेर पडलेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिंगापूरच्या मॅक्डोनाल्ड हाउस इमारतीत इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी बॉम्ब ठेवला होता, तीन माणसं मेली होती. त्या दोघांना फाशीची शिक्षा झाली. आसियान स्थापन होऊन वर्षच झालेलं, आणि दयेची विनंती खुद्द सुहार्तोंची. सिंगापूरनं ती मानली नाही, ऑक्टोबर १९६८ मध्ये दोघांना फासावर चढवलं. जकार्तामध्ये सिंगापूरच्या वकिलातीवर जमाव चालून गेला. संघटना मोडायला एवढं कारण पुरेसं होतं. मोडली नाही. १९७३ मध्ये ली क्वान यू जकार्ताला गेले आणि त्यांनी त्याच दोन सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहिली. शिक्षा चुकीची होती असं त्यांनी म्हटलं नाही, समोरच्यांनीही तसं म्हणायला लावलं नाही. फुलं वाहिली गेली आणि कामकाज पुढे सुरू झालं. हा चिवटपणा खराच आहे, आणि त्याला मी मनापासून दाद देतो.

आता शब्दाकडे येऊ. आज ज्याला 'रेझिलियन्स' म्हणतात, तो शब्द आसियानच्या १९७६ च्या बाली करारातच आहे, 'प्रादेशिक रेझिलियन्स' असा. ही कल्पना आली इंडोनेशियाकडून. त्यांचा शब्द 'केतहानान'. त्यात 'तहान' आहे, पण ती आपली तहान नव्हे. त्यांच्या भाषेत 'तहान' म्हणजे तग धरणं, रोखून धरणं. सुहार्तोंच्या लष्करी राजवटीनं त्याचा सिद्धांत केला : प्रत्येक देश आतून घट्ट झाला की आपोआप प्रदेश घट्ट होतो. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की याच धातूपासून 'तहानान' शब्द होतो, त्याचा अर्थ अटकेतला माणूस. राजकीय कैद्याला तिथे 'तहानान पोलितिक' म्हणतात. तग धरणं आणि डांबून ठेवणं, दोन्ही एकाच मुळातून. त्या राजवटीत दोन्ही एकत्रच चालू होतं. म्हणून मला प्रश्न विचारावासा वाटतो : तग कुणी धरायचा? राज्यकर्त्यांनी? देशांनी? की टेबलानं?

न्यायशास्त्रात लक्षणाचा एक दोष सांगतात, अतिव्याप्ती. गाईची व्याख्या 'शिंगं असलेला प्राणी' अशी केली की म्हैसही आत येते. महबुबानींच्या चिवटपणाची तीच गत आहे. संघटना फुटली नाही, बैठका चालू राहिल्या, तर ती चिवट. पण मग जी संघटना काहीच करत नाही तीही या व्याख्येत आरामात बसते. आणि खेकड्याच्या उपमेनं तर पंचाईतच केली आहे. मागे गेला तरी खेकडा, बाजूला गेला तरी खेकडा. कोणती घटना घडली म्हणजे दावा खोटा ठरेल, हे जो सांगत नाही, त्याचा दावा जिंकला असं म्हणता येत नाही. तो खेळायलाच उतरलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे. गटावर दोन प्रकारचे ताण येतात. एक आतला, सदस्यांच्या आपसातल्या भांडणाचा. दुसरा बाहेरचा, मोठ्या सत्ता एकेकाला आपल्याकडे खेचतात त्याचा. एकमतानं चालायची पद्धत पहिला ताण सोसते, कारण कुणालाच भिंतीला टेकवलं जाणार नाही याची हमी मिळते. पण दुसऱ्या ताणाखाली तीच पद्धत ठिसूळ होते. दहांपैकी प्रत्येकाकडे नकाराधिकार असेल, तर बाहेरच्या सत्तेला दहा जणांना वश करायची गरज नाही. एक पुरे.

हे कल्पनेतलं नाही. जुलै २०१२, नॉम पेन्ह. परराष्ट्रमंत्र्यांची बैठक, अध्यक्षपद कंबोडियाकडे. स्कारबरो शोलवरून फिलिपिन्स आणि चीन यांच्यात काही महिने तणाव होता, त्याचा उल्लेख संयुक्त निवेदनात यावा असं फिलिपिन्सचं म्हणणं. कंबोडियाचे चीनशी संबंध किती घनिष्ठ, हे वेगळं सांगायला नको. उल्लेखावर एकमत होईना, तेव्हा निवेदनच निघालं नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. इंडोनेशियाचे मंत्री मार्टी नतालेगावा यांनी पुढच्या काही दिवसांत राजधान्या पालथ्या घातल्या आणि सहा तत्त्वांचा एक कागद मिळवला. त्यात स्कारबरोचं नाव नव्हतं. मग १२ जुलै २०१६ ला हेगच्या लवादानं फिलिपिन्सच्या बाजूनं निर्णय दिला, चीनच्या 'नऊ रेषांच्या' हद्दीतल्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही म्हणून सांगितलं. त्याच महिन्यात व्हिएन्टियानला मंत्री जमले. निवेदन निघालं, लवादाचा उल्लेख नाही. महबुबानींच्या मोजपट्टीवर ही प्रगती आहे, कारण या वेळी निवेदन निघालं! त्या समुद्रात ज्यांची होडी अडवली जाते, त्या फिलिपिनो कोळ्यानं मात्र या प्रगतीचं काय करायचं?

पैशाच्या बाबतीतही हेच. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेनं आयातकर जाहीर केले : कंबोडिया ४९ टक्के, व्हिएतनाम ४६, थायलंड ३६, इंडोनेशिया ३२, सिंगापूर १०. आसियाननं एकत्र येऊन काय ठरवलं? प्रतिकर लावायचे नाहीत. शहाणपणाचंच होतं ते. पण सौदा करायला प्रत्येक जण वेगळा गेला. व्हिएतनाम २० वर उतरलं, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स १९ वर, नंतर मलेशिया, थायलंड, कंबोडियाही १९. या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाचव्या हिश्शाहून थोडाच जास्त आहे. गिऱ्हाईक बाहेरचं, म्हणून धाकही बाहेरचा.

आणि ज्या आतल्या शांततेचं मी आत्ता कौतुक केलं, तिलाही २०२५ मध्ये तडा गेला. जुलैत थायलंड आणि कंबोडिया पाच दिवस लढले, तोफा चालल्या, विमानं उडाली. अध्यक्ष म्हणून मलेशियाचे अन्वर इब्राहिम यांनी पुत्रजयाला दोघांना बसवलं आणि युद्धविराम झाला. ते श्रेय आसियानचं आहेच. पण व्यापाराचा करार हवा असेल तर लढाई थांबवा, हा वॉशिंग्टनचा दट्ट्या सोबत होता, हेही सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा पेटली. १९७६ च्या करारात असे तंटे सोडवायला एका उच्च परिषदेची तरतूद आहे. ती आजवर एकदाही भरलेली नाही. इंडोनेशिया-मलेशियाचा बेटांचा वाद असो की मलेशिया-सिंगापूरचा, सगळे हेगला गेले. निकाल मानले, हे उत्तमच. पण स्वतःच्या घरात न्यायाला बसायची कुणाची तयारी नाही.

मग काय, मतदान घ्यायचं? बहुमतानं ठरवायचं? अनेक टीकाकार हे सुचवतात, आणि मला ते उतावळेपणाचं वाटतं. म्यानमार किंवा लाओसला मतदानात हरवलं तर ते घर सोडतील किंवा दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतील.

इथे पुन्हा एक शब्द. आसियानच्या पद्धतीला जावानी-मलाय परंपरेतली जोडी लावतात, 'मुशावरा' आणि 'मुफाकत'. दोन्ही मूळचे अरबी. मुशावरा म्हणजे हिंदी बोलताना आपण म्हणतो तो मशवरा. आणि मुफाकत म्हणजे एकमत; त्याचं अरबी मूळ तेच, ज्यातून 'मुवाफिक' आणि त्यातून आपला 'माफक' आला. अनुकूल, जुळणारं, इथून सुरुवात करून मराठीत आपण 'बेताचं' इथवर पोचलो. आसियानचं एकमतही असंच प्रवास करत माफक झालं आहे! पण मूळ कल्पनेत मुशावरा आधी येतो, म्हणजे खरी चर्चा, आणि शेवटी थोरानं सगळ्यांचा कल पाहून निर्णय सांगायचा. त्यात एकानं अडून बसायचा हक्क गृहीत नव्हता. 'सगळ्यांचं मत' आणि 'कुणाचाही नकार नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आसियाननं पहिलीच्या नावाखाली दुसरी चालवली.

आणि वाट त्यांच्याच सनदेत आहे. २००८ पासून लागू झालेल्या या सनदेत एकमत होत नसेल तर निर्णय कसा घ्यायचा हे शिखर परिषदेनं ठरवावं, अशी मुभा आहे. आर्थिक बाबतीत काही देश वगळून बाकीच्यांनी पुढे जायची सोयही आहे. हे वापरलंही गेलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या सेनेनं सत्ता बळकावली. एप्रिलमध्ये जकार्ताला पाच कलमांवर सहमती झाली आणि सेनेनं ती गुंडाळून ठेवली. मग ऑक्टोबरच्या परिषदेला सेनाप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांना बोलावलंच नाही. इंग्रजी वर्णमालेनुसार फिरणारं २०२६ चं अध्यक्षपद म्यानमारचं होतं, तेही वगळून फिलिपिन्सला दिलं. दोन्ही वेळा ज्याच्याबद्दल निर्णय होता त्याला नकाराधिकार मिळाला नाही, आणि आभाळ कोसळलं नाही. म्यानमारमधली माणसं यानं वाचली का? नाही. उशिरा आणि अपुरं होतं ते. पण रीत पडली. उल्लंघनाचा आरोप ज्याच्यावर आहे त्यानं त्या विषयापुरतं बाजूला बसावं, आणि निवेदनात असहमत देशाचं नाव नोंदवून बाकीच्यांनी बोलावं, एवढं जरी नियमानं झालं तरी एका देशाला वश करण्याची किंमत बाहेरच्यांना वाढवून मोजावी लागेल.

दुसरी गोष्ट रुक्ष आहे, पण महत्त्वाची. जकार्ताच्या सचिवालयाला सगळे सदस्य समान वर्गणी देतात, लाओस जेवढी तेवढीच सिंगापूर. समानता छान दिसते. परिणाम असा की वर्गणी गरिबाला झेपेल तेवढीच राहते, आणि सचिवालय टाचणीपुरतंच उरतं. याबद्दल लेखकही तक्रार करतात. पण दुबळेपणा हेच बळ म्हटल्यावर ही तक्रार कोणत्या तोंडानं करायची, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

आपण सार्कवाले आहोत, त्यामुळे हसायचा अधिकार आपल्याला नाही. आपली शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली, २०१४ मध्ये. आमच्या सनदेत तर दोन देशांतले वाद काढायचेच नाहीत असं लिहिलंय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला. म्हणजे आता अकरा नकाराधिकार. आणि दक्षिण चीन समुद्रातल्या वागणुकीची संहिता, जिचं आश्वासन २००२ पासून चालू आहे, ती २०२६ पर्यंत पुरी करायची असं २०२३ मध्ये चीनबरोबर ठरलं. अध्यक्ष फिलिपिन्स, म्हणजे लवाद जिंकलेला देश. मसुदा आला तर त्यात दोनच जागा मी आधी बघेन : ती बंधनकारक आहे असं लिहिलंय का, आणि कुठल्या पाण्याला लागू आहे ते नावानिशी लिहिलंय का.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.