‘चिअरफुलनेस’ आणि आपला ‘आनंद’

येथे कोलकात्यास आम्हां महाराष्ट्रीय मंडळींचा एक लहानसा वाचनवर्ग आहे. महिन्यातून एकदा आठदहा जण जमतात, कोणी काही लिहिले असल्यास ते वाचतो, आणि चहा येईपर्यंत त्यावर यथाशक्ति वाद घालतो. गेल्या हिवाळ्यातील एका बैठकीत हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी बॉस्वेलच्या जॉन्सनचरित्रातील काही प्रसंगांचा स्वतः केलेला अनुवाद वाचून दाखविला. अनुवाद एकंदरीत सरस होता. जॉन्सनच्या बोलण्यातील भारदस्तपणा त्यांनी चांगला पकडला होता. एका वाक्यापाशी मात्र तो सपशेल पडला. आणि ज्या एका शब्दामुळे तो पडला, त्याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहो.

प्रसंग असा आहे. १७७८ च्या एप्रिलात, गुड फ्रायडेच्या दिवशी, चर्चमधून परतताना डॉ. जॉन्सन यांना ऑलिव्हर एडवर्ड्‌स नावाचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दोघे एके काळी बरोबर होते. १७२९ नंतर मात्र त्यांची गाठ पडली नव्हती. जॉन्सन यांना प्रथम ओळखही पटेना. एडवर्ड्‌स यांनी चॅन्सरी न्यायालयात वकिली करून आयुष्य घालविले होते, आणि आता ते स्टीव्हनेजजवळ थोडी शेती करून राहत होते. जॉन्सन यांच्या घरी बोलता बोलता ते सहज म्हणून गेले की, तुम्ही तत्त्वज्ञ आहात. तत्त्वज्ञ होण्याचा यत्न आपणही एके काळी करून पाहिला होता, परंतु का कोण जाणे, ‘चिअरफुलनेस’ सारखा मध्ये घुसत राहिला. हे उद्‌गार बॉस्वेलने पुढे बर्क, रेनॉल्ड्‌स इत्यादी मित्रांना सांगितले तेव्हा ते सर्व त्यांवर खूष झाले, अशी नोंद तो स्वतःच करून ठेवतो. एडवर्ड्‌स यांचे नाव आज राहिले आहे ते केवळ या एका वाक्यामुळे.

आमच्या वर्गात हे वाक्य वाचले गेले तेव्हा कोणीही हसले नाही. अनुवादकांनी तेथे ‘आनंद’ हा शब्द योजिला होता.

दोष अनुवादकांच्या मराठीचा नव्हे. ‘आनंद’ या शब्दाच्या थोरवीचा आहे. ज्या भाषेच्या पाठीशी तैत्तिरीय उपनिषद उभे आहे, जेथे मानवी आनंदापासून ब्रह्मानंदापर्यंत शतपटीने चढत जाणारी मोजदाद केलेली आहे आणि जेथे परतत्त्वाचे नावच सच्चिदानंद आहे, तेथे तत्त्वचिंतनात आनंद येऊ लागला तर ती तक्रार कशी व्हावी? मराठीत एडवर्ड्‌स जीवन्मुक्त होऊन बसले! इंग्रजीत मात्र ते बिचारे परीक्षेत नापास झालेले आहेत, आणि त्या नापास होण्यातच त्यांची गोडी आहे. मूळ क्रियापदही पाहावे. ‘ब्रेक इन’ हे शब्द इंग्रजीत चोराने घर फोडून शिरावे तशा प्रवेशास लावतात. आनंद चोरासारखा शिरत नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे जन्मभर दार उघडे ठेवून बसण्याची रीत आहे.

मग दुसरा कोणता शब्द घ्यावा? ‘प्रसन्नता’ हा शब्द आम्हांस व्यक्तिशः फार प्रिय आहे. गाळ खाली बसून पाणी निवळावे, हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. ‘प्रसाद’ हा त्याचाच भाऊ. परंतु गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसाद इंद्रिये ताब्यात आणणाऱ्याच्या वाट्यास येतो, आणि तुकोबांच्या प्रसिद्ध अभंगातही मन प्रसन्न करावयाचे असते, ते आपोआप होत नाही. म्हणजे प्रसन्नता ही कमाई आहे. एडवर्ड्‌स यांनी तर काहीच कमावले नव्हते. ‘हर्ष’ घ्यावा तर भरतमुनींच्या तेहतीस व्यभिचारी भावांत त्याची गणना आहे. त्यास इष्टप्राप्तीसारखे काही कारण लागते, आणि तो आला तसा जातोही. ‘उल्हास’ लाटेसारखा आहे. ‘खुशालचेंडू’ म्हणावे तर त्यात शिवी आली.

येथे अ‍ॅडिसनचे स्मरण होते. ‘स्पेक्टेटर’च्या १७१२ मधील एका निबंधात त्याने ‘चिअरफुलनेस’ आणि ‘मर्थ’ यांतील भेद सांगितला आहे. त्याच्या मते दुसरी ही मनाची एक क्रिया, तर पहिला हा मनाचा स्थायी स्वभाव. एकीचे तेज विजेच्या लखलखाटासारखे क्षणिक, दुसऱ्याचे दिवसाच्या उजेडासारखे टिकणारे. भेद मार्मिक आहे. परंतु अ‍ॅडिसन हा अखेर उपदेशक. त्याने चिअरफुलनेसचा सद्‌गुण करून टाकला. एडवर्ड्‌स यांच्या तोंडी तो सद्‌गुण नाही आणि दुर्गुणही नाही. तो एक आगंतुक पाहुणा आहे.

या शब्दाचा वंशही पाहण्यासारखा आहे. ‘चिअर’ हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ केवळ ‘चेहरा’ असा होता. स्पॅनिशमध्ये त्याचाच सगोत्र ‘कारा’ हा शब्द आजही त्याच अर्थाने नांदतो आहे. चेहऱ्यावरून मनःस्थिती, मनःस्थितीवरून चांगली मनःस्थिती, तिच्यावरून पाहुण्यांपुढे ठेवलेले खाणेपिणे, पुढे जयघोष, आणि विसाव्या शतकात पेला उचलताना म्हणावयाचा शब्द, असा हा प्रवास आहे. आपल्या ‘प्रसादा’नेही निवळ पाण्यापासून देवळातल्या साखरफुटाण्यांपर्यंत असाच पल्ला गाठला आहे! पण आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो चेहरा. ‘हसतमुख’ हा आपला शब्द म्हणून मुळाच्या बराच जवळ जातो.

मात्र कचेरीत दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्यास या शब्दाविषयी एक अढी आहे. पूर्वी एकदा आमच्या वार्षिक अहवालात आमच्या वरिष्ठांनी जो शेरा दिला, त्यातील एकुलते एक गौरवपर विशेषण ‘चिअरफुल’ हे होते. त्या वर्षी आम्ही जुन्या नस्त्यांचे एक अख्खे कपाट लावून काढले होते. त्याचा उल्लेख नाही, आणि आम्ही ‘चिअरफुल’! सरकारी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ एवढाच की, पाच वाजता जादा काम दिले तरी हा माणूस तोंड वाकडे करीत नाही. अढीचे मूळ येथे आहे. वरून मागितलेला हसरा चेहरा हा गणवेशाचा भाग होतो. एडवर्ड्‌स यांच्याकडे तो कोणी मागितला नव्हता, उलट त्यांना स्वतःलाही तो नकोच होता, हे ध्यानात आल्यावर मात्र आम्हांस हा शब्द पुन्हा स्वच्छ दिसू लागला.

आमच्या बंगाली शेजाऱ्यांजवळ याला एक सुरेख शब्द आहे : ‘हासिखुशी’. योगींद्रनाथ सरकार यांचे याच नावाचे बालपुस्तक १८९७ मध्ये निघाले आणि बंगाली मुलांच्या कित्येक पिढ्यांनी त्यावर अक्षरे गिरवली. हासिखुशी माणूस म्हणजे सुखी माणूस असे नव्हे. त्याच्या घरी आजार असेल, कर्ज असेल, पण जिन्यात भेटला तर हसून दोन शब्द बोलेल. मराठीत याच्या तोलाचे ‘हसतखेळत’ आहे, पण ते क्रियेला चिकटते, माणसाला नव्हे.

वस्तू मात्र आपल्याकडे आहे. बडोद्यास राहून चिं. वि. जोशी यांनी जो चिमणराव उभा केला, तो याच जातीचा. तो एखादे काम मोठ्या गांभीर्याने हाती घेतो, आणि गांभीर्याचा पार बोजवारा उडतो. त्याला विनोद करावयाचा नसतो, तो घुसतो. त्याला आनंदमग्न वा प्रसन्नचित्त म्हणणे हास्यास्पद होईल. तो आनंदी आहे, इतकेच.

आणि ‘आनंदी’ याच शब्दात आम्हांस वाट सापडते. ‘आनंद’ उपनिषदात राहतो, पण ‘आनंदी स्वभाव’ आपल्या आळीत राहतो. एका ईकाराने शब्द घरगुती झाला. त्याला ‘पणा’ हा आणखी घरगुती प्रत्यय लावून ‘आनंदीपणा’ करावा. वेंधळेपणा, भोळेपणा, चोखंदळपणा यांच्या पंगतीत बसणारा हा शब्द दिसावयास ओबडधोबड आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु तत्त्वचिंतनात घुसून ते बिघडविण्याइतका तो सामान्य आहे.

पुढील बैठकीत आम्ही ही सूचना मांडली. अनुवादकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “अहो, ‘आनंदीपणा’ हा काय शब्द झाला? कानाला बोचतो.” आम्ही म्हटले, “एकदा वाक्यात घालून वाचून तर पाहा.” त्यांनी संपूर्ण वाक्य नव्या शब्दासह, कपाळाला आठ्या घालून, सावकाश वाचले. कोपऱ्यात चहाचे पेले मांडीत असलेल्या त्यांच्या पत्नी तेवढ्यात खुदकन हसल्या. हस्तलिखितात अद्याप ‘आनंद’च आहे, समासात मात्र पेन्सिलीने एक बारीक खूण झालेली आम्ही पाहिली आहे.