अस्पर्शित रानाची कल्पना आणि थॉमस कोलचे ‘ऑक्सबो’ : कोर्लईच्या माथ्यावरून एक वाचन

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रांची ओळख आपल्याकडे बहुधा एका वाक्यात करून दिली जाते : युरोपातील स्वच्छंदतावाद अमेरिकेत पोहोचला आणि तेथील चित्रकारांनी मानवी स्पर्श न झालेली अरण्ये रंगविली. थॉमस कोल (१८०१–१८४८) याचे ‘ऑक्सबो’ हे १८३६ मधील तैलचित्र या विधानाच्या पुष्ट्यर्थ हमखास दाखविले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाचीच तपासणी करावयाची आहे. रेवदंड्याच्या परिसरात वावरणाऱ्या वाचकाला ही तपासणी काहीशी सोपी जावी. त्याचे कारण पुढे येईलच.

सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले हे चित्र सुमारे १३१ सें.मी. उंच व १९३ सें.मी. रुंद आहे. मॅसॅच्युसेट्समधील माउंट होलिओक या डोंगरावरून दिसणारे कनेटिकट नदीचे वळण हा त्याचा विषय होय. बैलाच्या मानेवरील जुवाच्या कमानीसारखा आकार, म्हणून ‘ऑक्सबो’. कर्णरेषेने चित्राचे दोन भाग पडतात. डावीकडे वादळाचे काळे ढग, मोडके वृक्ष, दाट झाडी. उजवीकडे खाली उन्हात न्हालेले खोरे, आखीव शेते, धुराच्या रेषा, नदीत होड्या. वादळ सरते आहे आणि ऊन शेतांवर पडते आहे. पुढच्या खडकांत, सहज नजरेतून निसटेल इतक्या लहान आकारात, स्वतः चित्रकार बसला आहे. तो कॅनव्हासपासून मान वळवून आपल्याकडे पाहतो. त्याची छत्री मात्र खडकाच्या टोकाशी, नदीच्या पार्श्वभूमीवर तिरकी रोवलेली आहे. रान आणि शेती यांना जोडणारी चित्रातील ती एकच वस्तू. दूरच्या टेकडीवरील जंगलतोडीच्या खुणांत काही अभ्यासकांना हिब्रू अक्षरे दिसली आहेत. त्या तर्कावर फार भिस्त ठेवण्याचे कारण नाही.

आता ‘अस्पर्शित’ या शब्दाकडे वळू. कोलने हा डोंगर रंगविला त्यापूर्वीच, १८२१ पासून, त्याच्या माथ्यावर प्रवाशांसाठी निवारा होता व तेथे हौशी लोकांची ये-जा होती. बेसिल हॉल या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने हे दृश्य रेखाटून १८२९ मध्ये प्रसिद्धही केले होते, आणि कोलने त्या रेखाटनाची प्रत उतरवून घेतली होती. म्हणजे डावीकडचे रौद्र रान एका रुळलेल्या सहलस्थळी उभे आहे. निवारा आणि प्रवासी तेवढे वगळले आहेत. याहून मोठी वगळणूक खोऱ्यात आहे. नोनोटक लोक येथे राहत व मक्याची शेती करीत. गोऱ्या वसाहतकारांचे नॉर्दॅम्प्टन गाव १६५४ मध्ये वसले. चित्र काढले गेले तेव्हा मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा १८३० चा कायदा अंमलात होता. तो मुख्यतः दक्षिणेकडील जमातींना भोवला हे खरे. तथापि रान आधी ओसाड आणि मग शेती, हा चित्रातील क्रम त्याच काळाच्या समजुतीतून आला आहे.

‘रान’ हा आपला शब्द येथे उपयोगी पडतो. देशावरचा शेतकरी ‘रानात जातो’ तेव्हा तो आपल्या शेतावर जातो. वहिवाट नसलेली भूमी असा अर्थ त्या शब्दात मुळातच नाही. कोलच्या कल्पनेला मराठीत नेमका प्रतिशब्द मिळत नाही, ही भाषेची उणीव मानण्याचे कारण नाही.

एवढ्यावरून कोलला वसाहतवादाचा भाट ठरविणे मात्र उथळपणाचे होईल. त्याच वर्षीच्या अमेरिकन निसर्गावरील निबंधात तो कुऱ्हाडीने उद्ध्वस्त होणाऱ्या वनांबद्दल खेद व्यक्त करतो आणि त्याच निबंधात येणाऱ्या संस्कृतीची स्वप्नेही पाहतो. ही द्विधा चित्रात शब्दशः दडलेली आहे. ‘साम्राज्याचा प्रवास’ ही पाच चित्रांची मालिका (१८३३–३६) अर्धवट असताना त्याने ‘ऑक्सबो’ हाती घेतले. आधुनिक तांत्रिक तपासणीत ‘ऑक्सबो’च्या रंगाखाली त्या मालिकेतील ‘साम्राज्याचा उत्कर्ष’ या चित्राची प्राथमिक रेखाटणी आढळली आहे. शांत खोऱ्याखाली संगमरवरी नगर आहे! मालिकेचा शेवट ‘उजाड’ या चित्राने होतो : एकाकी स्तंभ, त्यावर वेली, आकाशात चंद्र, आणि एकही मनुष्य नाही. म्हणजे आरंभीचे रान आणि अखेरचे अवशेष, या दोन्ही टोकांना कोलला माणसांची गैरहजेरी लागते. आरंभीचे चित्र ‘रानटी अवस्था’ शिकारी दाखविते खरे, परंतु ते पुसले जाण्यासाठीच आलेले असतात.

या मालिकेचा शेवट रेवदंड्यात पडताळून पाहता येतो. सोळाव्या शतकात उभारलेला पोर्तुगीजांचा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आज त्या तटबंदीत नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. चर्चचे भग्न अवशेष आणि सातखणी मनोरा माडांतून वर डोकावतात. साम्राज्य गेले, पण स्थळ उजाड झाले नाही. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तर पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. अवशेषांचे चित्र काढणाऱ्याला बोली दिसत नाही, ही अडचण कोलपुरती मर्यादित नाही. १८२६ ते १८३० या काळात कॅप्टन ग्रिंडले याने (पुढे बँकेमुळे परिचित झालेले नाव तेच) पश्चिम भारतातील दृश्यांचा जो रंगीत चित्रसंग्रह लंडनमध्ये काढला, त्यातील घाट आणि लेणी याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

कोलच्या चित्राचे पुढे काय झाले हेही नमूद केले पाहिजे. १८४० च्या पुरात कनेटिकट नदीने वळणाची मान तोडून सरळ वाट काढली आणि ‘ऑक्सबो’ मुख्य प्रवाहापासून तुटले. चित्रातील नदी अवघी चार वर्षे टिकली.

कोर्लईच्या माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले, तर डाव्या हातास समुद्र आणि उजवीकडे खाडी, अशी जवळजवळ तीच रचना मिळते. येथे कोलच्या रीतीने चित्र काढू पाहणाऱ्यास प्रथम साळावचा पूल वगळावा लागेल, मग नांगरलेल्या मचव्यांचा ताफा, मग दीपगृह, मग वाड्यांतील घरांची कौले, आणि सरतेशेवटी पायथ्याचे कोर्लई गाव.