कोत-दु-रोन : स्वस्तातला फ्रेंच द्राक्षारस

कोकणात मनुका भिजवून काढलेल्या शरबतावर आपण किद्दूश ऐकला. येथे आल्यावर गोड वाईनची सवय झाली. अशा जिभेला फ्रान्सचा तांबडा द्राक्षारस, ज्यातली साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली असते, पहिल्या घोटाला कडवटच लागणार.

गेल्या ऑगस्टमध्ये नातवाने कोत-दु-रोनची बाटली आणली. एक घोट घेऊन मी "हा तर शिरका!" म्हणालो आणि पेला मोरीत ओतला. पहिल्या पगारातून आणली होती, हे सौ.ने मागाहून सांगितले. म्हणून या हिवाळ्यात तीच जात मी स्वतः विकत आणली, कोशेरचा शिक्का पाहून, 50 शेकेलच्या आसपास.

ही द्राक्षे रोन नदीच्या दोन्ही काठांवरची. कोणत्या गावांतल्या, कोणत्या जातींच्या द्राक्षांच्या रसाला हे नाव लावायचे, हे 1937 पासून कायद्याने ठरलेले आहे. दक्षिणेकडे मुख्य जात ग्रेनाश. ती उन्हात छान पिकते, साखर भरपूर धरते, म्हणून मद्यार्क बहुधा 13-14 टक्क्यांवर जातो. जोडीला सिराह असते, तिला मिरीचा वास. तुरटपणा येतो साली-बियांतून. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसा. तो दोष नव्हे.

दोष माझेच होते. बाटली ऐन उन्हाळ्यात ओट्यावर उभी होती. तांबडी वाईन खोलीतल्या हवेवर प्यावी म्हणतात, पण ती खोली फ्रान्समधल्या जुन्या दगडी घरातली, आपली नव्हे! ऊन झाली की नुसता मद्यार्क नाकात जातो. यंदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, तर पिकल्या करवंदाचा वास आला. आणि त्या दिवशी पानात होती तिखट माशाची आमटी. मिरचीने वाईन अधिकच जाळते. आता नारळाच्या दुधातले मटण केले, मिरची बेताची, तर तुरटपणा पार निवळला. पुरणपोळीबरोबर मात्र घेऊ नये. गोडापुढे ती आंबट होते. पेल्यात साखर घालणारेही मी पाहिले आहेत. त्यांनी सरळ गोड वाईन घ्यावी.

उणीव एकच. घोट गिळला की चव लगेच संपते, रेंगाळत नाही. या किमतीला एवढे चालते.

शुक्रवारी नातू जेवायला आला. मी न बोलता पेला भरून पुढे केला. त्याने बाटली फिरवून नाव वाचले, आजीकडे पाहिले आणि आणखी मटण मागितले. उरलेल्या वाईनला बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. रविवारी रात्रीही चांगली लागली.