पाटी घेणे आहे

माझ्या लहानपणी पाटी घेणे हा पाच मिनिटांचा व्यवहार होता. वडील दुकानात पाटी कानाशी धरून टिचकी मारीत. आवाज खणखणीत आला की पाटी आमची. यंदा कन्येसाठी पाटी घ्यायची निघाली आणि त्या व्यवहाराला पाच आठवडे लागले. या पाटीला पडदा असतो. पडद्यावर पेन चालवलं की तिथल्या तिथे चित्र उमटतं. टिचकी मात्र दुकानदार मारू देत नाही.

कन्या ॲनिमेशन शिकते, म्हणजे रात्री दोनपर्यंत जागते. मी बी. कॉम., अंबरनाथच्या एका बँकेत कारकून. त्यामुळे खरेदीसमितीचं अध्यक्षपद आपोआपच माझ्याकडे आलं. कर्जाच्या अर्जावर काढावी तशी मी पहिली शंका काढली. तिच्याकडे बिनपडद्याची एक पाटी तीन वर्षांपासून आहे. हात टेबलावर, डोळे समोर कॉम्प्युटरवर. अशीच पाटी वापरून उत्तम पोट भरणारे चित्रकार आहेत, मानही ताठ राहते आणि किंमत काही हजारांत भागते.

"आमचा कॅशियर नोटा मोजताना हाताकडे बघतो का?" मी म्हटलं.

"बाबा, त्याला नोटेवर गांधीजी काढायचे नसतात."

शंका निकालात निघाली. सौभाग्यवतींनी कन्येला चहा जास्त दिला.

मग मी जाहिराती वाचायला घेतल्या. या पाट्यांत जुनं नाव 'वॅकॉम', १९८३ सालची जपानी कंपनी. पुढे 'ह्युऑन', 'एक्सपी-पेन' वगैरे चिनी मंडळी आली आणि किमती आमच्यासारख्यांच्या दृष्टिपथात आल्या. पण प्रत्येक खोक्यावर आकडा: पेनाच्या दाबाच्या पातळ्या ८१९२! नव्या मॉडेलात १६३८४! मी बँकेत लागलो तेव्हा कार्बन घालून लिहीत असू. आम्हांला दाबाच्या दोनच पातळ्या ठाऊक: तिसऱ्या प्रतीवर उमटलं किंवा नाही उमटलं. माणसाच्या बोटांत सोळा हजार पातळ्या असतील तर त्या निदान आमच्या खात्यात तरी जमा झालेल्या नाहीत. कन्या म्हणाली, आकडा सोडा, सगळ्यांत हलक्या स्पर्शाला रेघ उठते की नाही ते बघायचं. आणि नेमकं तेच खोक्यावर ठळक छापलेलं नसतं. जाहिरात लिहिणारा माझ्यासारखाच कॉमर्सवाला असणार.

रविवारी बदलापूरहून आम्ही उल्हासनगरला गेलो. १९४९ साली सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या गावात मिळत नाही अशी वस्तू अजून निघायची आहे. दुकानदाराने दोन पाट्या मांडल्या. दोन्हींना सारख्याच वायरी फुटल्या होत्या. "वायरी कशाला? आत सगळं असेल ना?" मी विचारलं. तेव्हा कळलं की या पाटीला डोळे आहेत, डोकं नाही. ते कॉम्प्युटरचं उसनं घ्यावं लागतं. पेनाला मात्र सेल लागत नाही; ते पाटीकडूनच वीज घेतं. एकूण कुटुंब उधारीवर चालणारं.

कन्या रेघा मारू लागली. ती काय काढत होती ते ओळखायला मला वेळ लागला नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराची, १०६० सालची, कोनाकोनांची भिंत. १८६८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी या देवळाची मोजमापं आणि ठसे घ्यायला आली होती. त्यांच्या पेन्सिलींना किती पातळ्या होत्या याची नोंद नाही. त्याच भिंतीसमोर बसून मी इंटरमिजिएटची तयारी केली होती. ए ग्रेड मिळाली. "चित्रांना पेन्शन नसतं," वडील म्हणाले आणि मी कॉमर्सचा फॉर्म भरला. ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. विषय निघाला नव्हता इतकंच.

"बाबा, तुम्ही मारून बघा रेघ."

पहिल्या पाटीवर पेन टेकवलं एकीकडे, रेघ उठली केसभर पलीकडे. काच आणि आतला पडदा यांत पोकळी होती. बदलापूरच्या फलाटावर आम्ही रोज तीच पोकळी ओलांडतो, फलाट आणि गाडी यांच्यातली. सवय होते, पण पाय टाकताना दर वेळी खाली बघावं लागतंच. दुसरीत काच पडद्याला चिकटवलेली होती. तिथे रेघ थेट पेनाच्या टोकाखालून निघाली. काचही किंचित खरखरीत, कागदासारखी. (टोकं लवकर झिजतात म्हणे. झिजोत. चपला झिजतात म्हणून आपण चालायचं थांबत नाही.) मी तीन कोन काढले. चौथा काढताना दुकानदार म्हणाला, "साहेब, आप भी आर्टिस्ट?" मी घाईघाईने पेन ठेवलं आणि किंमत विचारली.

दुसरी पाटी सात हजारांनी महाग होती. कन्या पहिलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हीसुद्धा चालेल." वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मीही कॉमर्सबद्दल अगदी असंच बोललो होतो. मी दुसरी बांधायला सांगितली. मापात मात्र मी अध्यक्षीय अधिकार वापरला. बावीस इंची पाटी सुरेख, खांद्यापासून हात फिरतो. पण ती आमच्या हॉलमध्ये ठेवली तर मला जिन्यात झोपावं लागेल. सोळा इंचांवर तडजोड झाली. टेबलही उल्हासनगरातच करून घेतलं. उल्हासनगरच्या मालावर बदलापुरात जे विनोद चालतात ते इथे सांगणार नाही, कारण त्याच टेबलावर हे लिहितो आहे.

रात्री दोनला कन्या झोपते. मग पाटी मोकळी असते. परवा मी भिंत काढायला घेतली. पाच कोन जमले, सहावा बिघडला. जुन्या सवयीने बोटाला थुंकी लावून ते पडद्यावर टेकवणार, एवढ्यात मागून किंकाळी आली, "बाबा!!"